पदवी मिळेल, परवान्याचे काय?

बारावीनंतर थेट परदेशात जाऊन ‘रिहॅबिलिटेशन सायन्स’ची पदवी घेणाऱ्या मुलामुलींची एक फसगत वेळीच टाळता येण्यासारखी आहे, म्हणून तिच्याबद्दल स्पष्ट लिहायला हवे. चार वर्षे संपतात, पदवीदान होते, गाऊनमधले फोटो घरी येतात. आणि मग कळते की या पदवीवर त्या देशात फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून काम करता येत नाही. त्यासाठी आणखी दोन-तीन वर्षांचा अभ्यासक्रम करावा लागतो. त्याचा प्रवेश वेगळा, फी वेगळी आणि व्हिसाची मुदतही नव्याने. परत यावे तर इथल्या कौन्सिलच्या नोंदवहीत नाव लागेल याची खात्री नाही. यात विद्यापीठ खोटे बोललेले नसते. ही पदवी व्यवसायाचा परवाना देत नाही, हे त्यांच्या माहितीपत्रकात बहुतेक वेळा लिहिलेलेही असते. आपल्याकडे ते वाचले जाते तेव्हा डिपॉझिट भरून झालेले असते.

क्षेत्राबद्दल माझ्या मनात कसलीही शंका नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये ‘रिहॅबिलिटेशन २०३०’ हा उपक्रम सुरू केला. जगातल्या सुमारे २४० कोटी लोकांना अशी काही दुखणी आहेत की ज्यांत पुनर्वसन उपचारांचा उपयोग होऊ शकतो, असा या संघटनेचा अंदाज आहे. पक्षाघात, पाठीचे आणि गुडघ्याचे जुने दुखणे, अपघातात गेलेला पाय, सेरेब्रल पाल्सी असलेले मूल, हृदयविकारातून उठलेला माणूस, सगळे यात आले. आयुष्य वाढले तसे अपंगत्व घेऊन जगण्याची वर्षेही वाढली, आणि औषध-शस्त्रक्रिया झाल्यावर माणसाला पुन्हा उभे करणारे हात सगळीकडे कमी आहेत. ज्याला हे काम करावेसे वाटते त्याला कुणी परावृत्त करू नये. पण ‘जगाला थेरपिस्ट हवे आहेत’ या खऱ्या वाक्यावरून ‘म्हणजे या पदवीला नोकरी आहे’ या वाक्यावर उडी मारली जाते, तिथे घात होतो. जगाला परवानाधारक थेरपिस्ट हवे आहेत. तो परवाना कुणाला द्यायचा हे विद्यापीठ ठरवत नाही, त्या देशातली किंवा प्रांतातली नियामक संस्था ठरवते, आणि प्रत्येकीचे नियम निराळे आहेत.

अमेरिकेत २०१६ पासून मान्यताप्राप्त अभ्यासक्रमातून फिजिकल थेरपिस्ट व्हायचे तर ‘डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी’, म्हणजे डीपीटी, हीच पदवी लागते. ती पदवीनंतरची, साधारण तीन वर्षांची. अभ्यासक्रमाला ‘कॅपटे’ या संस्थेची मान्यता हवी, त्यात किमान तीस आठवड्यांचे पूर्णवेळ क्लिनिकल शिक्षण हवे, आणि शेवटी ‘एनपीटीई’ ही राष्ट्रीय परीक्षा. ऑक्युपेशनल थेरपीला किमान मास्टर्स लागते, स्पीच थेरपीलाही मास्टर्स, ऑडिऑलॉजीला डॉक्टरेट. तेव्हा पिट्सबर्गसारख्या नामवंत विद्यापीठात मिळणारी रिहॅबिलिटेशन सायन्सची बीएस ही त्या पुढच्या दरवाजापर्यंत नेणारी पदवी आहे. ती उत्तम असते. शरीररचना, हालचालींचे शास्त्र, मज्जासंस्था, अपंगत्वाचा सामाजिक अंगाने विचार, संशोधनाची पद्धत, हे सगळे ती नीट शिकवते. पण त्या पदवीवर थांबलेल्या माणसाला अमेरिकेत साहाय्यकाचाही परवाना सहसा मिळत नाही. फिजिकल थेरपिस्ट असिस्टंट होण्यासाठी दोन वर्षांचा एक वेगळा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम आणि वेगळी परीक्षा असते. चार वर्षे शिकलेल्या विद्यार्थ्याने तो अभ्यासक्रम केलेला नसतो, त्यामुळे क्लिनिकमध्ये त्याच्या वाट्याला बहुधा ‘एड’ किंवा ‘टेक्निशियन’चे काम येते. टेबल पुसणे, गरम-थंड पॅक लावणे, रुग्णाला व्यायामाच्या सायकलपर्यंत नेणे. कामात कमीपणा काही नाही. पण घर गहाण टाकून मुलाला पाठवणाऱ्या आईवडिलांनी हे चित्र मनात धरलेले नसते.

अमेरिकेच्या बाजूने एक गोष्ट हमखास सांगितली जाते की ‘फिजिकल थेरपिस्टना ग्रीन कार्ड सोपे आहे.’ तिच्यात तथ्य आहे. तिथल्या श्रम खात्याच्या ‘शेड्यूल ए’ यादीत परिचारिकांबरोबर फिजिकल थेरपिस्ट आहेत, त्यामुळे मालकाला ‘स्थानिक माणूस मिळत नाही’ हे सिद्ध करण्याची लांबलचक प्रक्रिया करावी लागत नाही. मात्र ही सवलत फिजिकल थेरपिस्टला आहे, रिहॅबिलिटेशन सायन्सच्या पदवीधराला नाही. आणि ती सवलत मिळूनही भारतात जन्मलेल्यांची, देशनिहाय मर्यादेमुळे तुंबलेली रांग काही लहान होत नाही.

कॅनडाचे प्रकरण अधिक बारकाईने पाहण्यासारखे आहे, कारण मराठी कुटुंबांचा ओढा तिकडे बराच आहे. तिथे फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी या दोन्ही व्यवसायांचे दार मास्टर्सनंतरच उघडते. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात ‘बीएससी (रिहॅबिलिटेशन सायन्स)’ आहे, फिजिकल थेरपी किंवा ऑक्युपेशनल थेरपी असा मुख्य विषय घेऊन. मूळ अभ्यासक्रम तीन वर्षांचा. बाहेरच्या देशातून बारावी करून आलेल्याला आधी एक पायाभूत वर्ष. त्यानंतर ठरावीक गुण राखले तर त्याच विद्यापीठातल्या व्यावसायिक मास्टर्सला जाता येते, आणि तो पूर्ण झाल्यावर परवान्याचा अर्ज. म्हणजे रस्ता आहे, सरळ आहे, नामांकित आहे. फक्त तो चार वर्षांत संपत नाही, आणि वाटेतल्या गुणांच्या अटीवर घसरलेला विद्यार्थी हातात केवळ बीएससी घेऊन उभा राहतो.

शिवाय मॉन्ट्रियलमध्ये रुग्ण फ्रेंच बोलतात. विद्यापीठ इंग्रजी माध्यमाचे असले तरी हॉस्पिटल क्वेबेक प्रांताचे आहे. क्लिनिकल प्लेसमेंटसाठी फ्रेंचचे कामापुरते ज्ञान लागते, आणि क्वेबेकच्या फ्रेंच भाषा सनदेनुसार तिथल्या व्यावसायिक संस्था फ्रेंच येत असल्याशिवाय कायम परवाना देत नाहीत. आठवी-नववीत हौस म्हणून फ्रेंच घेतलेल्या मुलाला वाटते की आपले काम भागेल. शाळेच्या पेपरात क्रियापदे चालवणे निराळे. वाचाघात झालेल्या, शब्द तुटक येणाऱ्या आजोबांना क्वेबेकच्या बोलीत नेमके काय दुखतेय ते त्यांच्या खाटेशी उभे राहून समजून घेणे फारच निराळे. भाषेचा हाच प्रश्न हाँगकाँगलाही आहे. तिथल्या पॉलिटेक्निक विद्यापीठात रिहॅबिलिटेशन सायन्सेस विभागातली फिजिओथेरपीची पदवी थेट व्यवसायाकडे नेते, हा तिचा मोठा फायदा. पण तिथे वॉर्डातले आजीआजोबा कॅन्टोनीज बोलतात. इंग्रजी माध्यम म्हणजे इंग्रजी बोलणारे रुग्ण, असे आपण फार सहज गृहीत धरतो.

कॅनडाच्या इतर प्रांतांत सर्वसाधारण मार्ग असा की आधी आरोग्यशास्त्र किंवा कायनेसिऑलॉजीची पदवी, मग फिजिओथेरपीच्या मास्टर्ससाठी स्पर्धा. या जागा थोड्या आहेत. आणि काही विद्यापीठांत त्या नागरिकांसाठी, कायम रहिवाशांसाठी किंवा त्याच प्रांतातल्या लोकांसाठी राखलेल्या असतात. पदवीला परदेशी विद्यार्थी चालतो, नव्हे, हवाच असतो, कारण तो कित्येक पट फी भरतो. त्याच विद्यापीठाच्या मास्टर्सला मात्र तो अर्जही करू शकत नाही, असे घडू शकते. पहिल्या वर्षाच्या प्रवेशाआधी विचारायचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच असावा, आणि तो विचारला जात नाही, कारण अठराव्या वर्षी कुणी चार वर्षांनंतरच्या प्रवेशाची नियमावली उघडून बसत नाही. आईवडिलांनी बसायला हवे.

ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाची रचना वेगळी आहे, आणि तिथे बारावीनंतर थेट परवान्यापर्यंत पोहोचता येते. इंग्लंडमध्ये तीन वर्षांची बीएससी फिजिओथेरपी, स्कॉटलंडमध्ये चार वर्षांची. अभ्यासक्रम ‘एचसीपीसी’ या नियामक संस्थेने मान्य केलेला असला की पदवीनंतर तिच्या नोंदवहीत नाव लावता येते. ऑस्ट्रेलियात चार वर्षांची पदवी आणि ‘आह्प्रा’ या नियामक यंत्रणेमार्फत फिजिओथेरपी बोर्डाची नोंदणी. इथे गल्लत होते ती शेजारच्या अभ्यासक्रमांमुळे. ब्रिटनमध्ये ‘स्पोर्ट रिहॅबिलिटेशन’ची बीएससी आहे. ती घेतलेला माणूस ‘बासरॅट’ या संस्थेचा सदस्य होऊ शकतो, क्लबांत आणि खासगी क्लिनिकांत काम करू शकतो, पण स्वतःला फिजिओथेरपिस्ट म्हणवू शकत नाही. ते नाव तिथे कायद्याने राखलेले आहे, आणि एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेतल्या फिजिओच्या जागेला एचसीपीसीची नोंदणी लागतेच. ऑस्ट्रेलियात एक्सरसाइज सायन्स किंवा हेल्थ सायन्सच्या पदव्यांचे असेच. प्रवेशाचे गुण कमी, इंग्रजीची अट सैल, फी थोडी हलकी. फिजिओथेरपीला आयईएलटीएसमध्ये सात मागणारे विद्यापीठ शेजारच्या पदवीला साडेसहावर घेते, आणि प्रवेशाचा सल्ला देणाऱ्या ऑफिसातला माणूस सांगतो, ‘हे घ्या, जवळजवळ तेच आहे, आत गेल्यावर बदलता येईल.’ जवळजवळ तेच असलेली पदवी आणि तीच पदवी यांत किती अंतर आहे हे नोकरीच्या जाहिरातीतली पहिली ओळ सांगते. आत गेल्यावर बदल कधीकधी होतो, पण त्यासाठी पुन्हा मर्यादित जागा, वरचे गुण, आणि गेलेले वर्ष बहुतेक वेळा गेलेलेच.

थेट परवाना मिळाला तरी पहिली नोकरी समोर उभी नसते. ब्रिटनमध्ये नव्याने पास झालेल्या फिजिओंना एनएचएसमध्ये सुरुवातीची जागा मिळणे अवघड झाले आहे, ही तक्रार २०२५ मध्ये तिथल्या फिजिओथेरपिस्टांच्या संघटनेनेच मांडली. रुग्ण रांगेत आहेत आणि थेरपिस्ट बेकार आहे, हे एकाच वेळी घडू शकते, कारण मध्ये सरकारी पैसा असतो. आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयांतल्या रिकाम्या जागा पाहिलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

आता प्लेसमेंटविषयी, म्हणजे रुग्णालयातल्या प्रत्यक्ष कामाविषयी, ज्याबद्दल माहितीसत्रांत सगळ्यात कमी बोलले जाते. या अभ्यासक्रमांचा कणा तीच आहे. ब्रिटनमध्ये फिजिओच्या विद्यार्थ्याकडून सुमारे १,००० तासांच्या प्रत्यक्ष अनुभवाची अपेक्षा असते. ऑक्युपेशनल थेरपीच्या जागतिक महासंघाचे किमान प्रमाणही १,००० तासांचेच आहे. हे तास कसे असतात ते पाहावे. ऐंशीच्या घरातल्या एक बाई, पक्षाघाताने डावी बाजू लुळी. विद्यार्थ्याने त्यांना पलंगावरून खुर्चीत बसवायचे आहे. आधी खुर्ची त्यांच्या चांगल्या बाजूला, चाकांचे ब्रेक लावलेले, पलंगाची उंची अशी की दोन्ही तळवे जमिनीला टेकतील. कमरेला पट्टा. लुळा हात ओढला जाऊन खांदा निसटणार नाही याकडे लक्ष. आपला गुडघा त्यांच्या अशक्त गुडघ्यासमोर टेकवलेला. विद्यार्थी डावीकडे उभा राहून सूचना देतो आणि बाई लक्षच देत नाहीत. त्या हट्टी नाहीत, आजाराने त्यांच्या मेंदूला डावीकडचे जग जाणवेनासे झाले आहे. हे ओळखून त्याला समोर यावे लागते. आणि ऐन उठण्याच्या क्षणी त्या स्थानिक हेल काढून, अर्धवट उच्चारात काहीतरी पुटपुटतात. चक्कर येतेय म्हणाल्या, की संडासला जायचेय म्हणाल्या? पर्यवेक्षक मागे उभा राहून पाहतो आहे. आयईएलटीएसचा स्कोअर इथे कामाला येत नाही. कान तयार व्हावे लागतात, त्याला महिने लागतात, आणि जी मुले सुट्टीच्या दिवशीही फक्त आपल्याच लोकांत राहतात त्यांचे कान उशिरा तयार होतात.

या प्लेसमेंटमध्ये नापास झाले तर ती पुन्हा करावी लागते. पुन्हा म्हणजे आणखी एक सत्र, त्याची फी, भाडे, व्हिसाची मुदतवाढ. प्लेसमेंट विद्यापीठाच्या शहरातच मिळेल असेही नसते. ऑस्ट्रेलियात ती दूरच्या गावात लागू शकते; इकडची खोली सोडता येत नाही आणि तिकडे राहण्याचा खर्च सुरू. त्या आठवड्यांत पूर्णवेळ वॉर्डात उभे राहायचे, म्हणून पार्टटाइम नोकरी सुटते. ऑस्ट्रेलिया सरकारने जुलै २०२५ पासून प्लेसमेंटवरच्या विद्यार्थ्यांना साप्ताहिक भत्ता सुरू केला, पण तो नर्सिंग, मिडवाइफरी, शिक्षक-प्रशिक्षण आणि सोशल वर्क एवढ्यांनाच. फिजिओ त्यात नाही, आणि परदेशी विद्यार्थी तर कुठल्याच शाखेतला नाही. ‘खर्च तिथेच काम करून निघेल’ असे हिशेब मांडणाऱ्यांनी हे आठवडे वजा करून मांडावेत.

प्लेसमेंटआधीच्या कागदांचेही एक प्रकरण असते. पोलीस पडताळणी, हिपॅटायटिस बी, गोवर, कांजिण्या यांच्या लसींचे किंवा प्रतिकारशक्तीचे पुरावे, सीपीआरचे प्रमाणपत्र, क्षयाची तपासणी. आपल्याकडे जन्मतः बीसीजी टोचलेली असते, त्यामुळे मॅन्टू चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते. मग रक्ताची चाचणी, छातीचा एक्स-रे, डॉक्टरांचे पत्र. आजार काहीच नसतो, पण तारीख निघून जाते. लहानपणीचे लसीकरणाचे कार्ड गावच्या घरी कपाटात असेल तर ते निघण्याआधीच शोधून, तारखांसह इंग्रजीत प्रमाणित करून न्यावे.

पैशाकडे येऊ. माझ्याकडे ऑफर लेटर घेऊन येणारे पालक विचारतात, ‘डिग्री झाली की लगेच प्रॅक्टिस करता येईल ना, मॅडम?’ त्यांच्या सगळ्या हिशेबाचा पाया हा ‘लगेच’ असतो. आपल्या बँकांच्या शैक्षणिक कर्जात अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यानंतर साधारण एक वर्ष एवढी हप्त्यांतून सूट असते. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढत जाते. समजा कर्ज साठ लाखांचे आहे आणि व्याज दहा टक्के. पूर्ण रक्कम उचलल्यावर वर्षाला सहा लाख, महिन्याला पन्नास हजार रुपये, नुसते व्याज. मंजुरीपत्रावर अभ्यासक्रम चार वर्षांचा लिहिलेला आहे, म्हणजे पाचवे वर्ष संपता संपता हप्ता सुरू. परवान्याला मात्र अमेरिकेत एकूण सात वर्षे लागतात, कॅनडात साडेपाच-सहा. अमेरिकेच्या वाटेवर पूर्ण पगार सुरू होण्याआधी दोन वर्षे हप्ता सुरू झालेला असतो, आणि त्याच दोन वर्षांत पुढच्या पदवीची फीही भरायची असते. बँक मुदत वाढवून देते, कधी देत नाही. वाढीव कर्जाला वाढीव तारण मागते. पुण्यातला फ्लॅट आधीच अडकलेला असतो, मग सातारा-सांगलीकडची जमीन काढावी लागते. ज्या कुटुंबाकडे सात वर्षांचा पैसा आहे त्याने सात वर्षांचा हिशेब करून जावे. चार वर्षांचा पैसा जमवून सात वर्षांच्या वाटेला लागणे, यात जोखीम पोराची नसते, सगळ्या घराची असते. धाकट्या बहिणीच्या शिक्षणाचे काय, हे त्या मंजुरीपत्रात कुठे लिहिलेले नसते.

या सगळ्यात सल्ला देणाऱ्या ऑफिसांचे हितसंबंध समजून घ्यायला हवेत. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडातली अनेक विद्यापीठे प्रवेश घेतलेल्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे एजंटला कमिशन देतात. पालकांकडून एक पैसाही न घेता काउन्सेलिंग होते ते यामुळेच. त्यात बेकायदा काही नाही, आणि मनापासून काम करणारी माणसेही तिथे आहेत. पण त्यांचे काम विद्यार्थी पदवीला बसला की संपते. परवान्याला कुणी कमिशन देत नाही, म्हणून परवान्याबद्दल सांगण्यात कुणाचा पगार गुंतलेला नाही.

आणि नियम स्थिर नसतात. कॅनडाने विद्यार्थ्याला दाखवावी लागणारी राहणीखर्चाची रक्कम जानेवारी २०२४ मध्ये १०,००० डॉलरवरून २०,६३५ वर नेली, सप्टेंबर २०२५ मध्ये २२,८९५ वर. त्याच २०२४ मध्ये विद्यार्थी परवान्यांवर कमाल मर्यादा आली. ऑस्ट्रेलियात विद्यार्थी व्हिसाचा अर्ज ७१० डॉलरचा होता, जुलै २०२४ मध्ये १,६०० झाला, पुढच्या जुलैत २,०००. ब्रिटनमध्ये पदवीनंतर दोन वर्षे थांबून काम शोधण्याची जी मुभा आहे ती १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना अठरा महिने होणार आहे. परवान्याच्या बाजूलाही तेच. कॅनडाच्या फिजिओ परीक्षेचा प्रात्यक्षिक भाग कोविडच्या काळात पुन्हा पुन्हा अडखळला आणि २०२२ मध्ये बंदच करण्यात आला. तयार बसलेली मुले मधल्या मध्ये लटकली. सात वर्षांच्या वाटेवर दोन निवडणुका होतात. आज सिनियरच्या अनुभवावरून काढलेला अंदाज त्याच्या वेळच्या नियमांचा असतो.

मग इथेच फिजिओथेरपीची बीपीटी किंवा ऑक्युपेशनल थेरपीची बीओटी करावी का? ज्याला रुग्णांवर उपचारच करायचे आहेत आणि घरची ऐपत मध्यम आहे, त्याच्यासाठी माझे उत्तर बहुधा होकारार्थी आहे. चार वर्षे आणि सहा महिन्यांची इंटर्नशिप अशी बीपीटीची घडण वर्षानुवर्षे राहिली. त्यानंतर महाराष्ट्राच्या ओटीपीटी कौन्सिलची नोंदणी, आणि बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी माणूस आपल्या पायावर. परदेशाची दारे त्याने बंद होत नाहीत, सोपीही होत नाहीत. अमेरिकेत आपल्या पदवीचे मूल्यमापन होते आणि विषय कमी पडल्याचे निघते. कॅनडात कागदपत्रांची छाननी आणि परीक्षा. ब्रिटनमध्ये एचसीपीसीचा आंतरराष्ट्रीय अर्ज, आणि तिथे नुसती वरची एमएससी केली म्हणून नोंदणी आपोआप होत नाही. पण या सगळ्या झगड्यात हातात एक परवाना असतो, आणि वॉर्डात मराठी रुग्णांवर काढलेली वर्षे असतात.

या व्यवसायाचा महाराष्ट्रातला उगमच परदेशातल्या शिक्षणातून झाला, हे विसरून चालणार नाही. फलटणच्या बालभवनाला ज्यांचे नाव आहे त्या कमला निंबकर जन्माने अमेरिकन, लग्नाने निंबकरांच्या घरात आलेल्या. ऑक्युपेशनल थेरपी शिकायला त्या अमेरिकेत परत गेल्या आणि १९५० मध्ये मुंबईच्या केईएम हॉस्पिटलात त्यांनी या विषयाची देशातली पहिली शाळा काढली. १९५२ मध्ये जागतिक महासंघ स्थापन झाला तेव्हा संस्थापक देशांत भारत होता, तो त्यांच्यामुळे. त्या व्यवसायाचे पूर्ण प्रशिक्षण घेऊन आल्या होत्या, म्हणून दुसऱ्यांना घडवू शकल्या.

आणि ज्यांना खाटेशी उभे राहण्यापेक्षा संशोधनात, साधनांच्या रचनेत, धोरणात रस आहे, त्यांनी रिहॅबिलिटेशन सायन्सच्या परदेशी पदवीचा जरूर विचार करावा. पिट्सबर्गमध्ये रोरी कूपर यांनी १९९४ मध्ये उभारलेल्या प्रयोगशाळेत व्हीलचेअरवर जे काम झाले, ते खुर्ची ढकलणाऱ्याच्या खांद्यावर दर धक्क्याला किती ताण येतो इथपासून सुरू होते. असे काम शिकून कुणी आपल्या खडबडीत रस्त्यांसाठी, उंबऱ्यांच्या घरांसाठी चाकांची खुर्ची घडवली तर तिची गरज किती आहे हे कुठल्याही तालुक्याच्या गावी दिसेल. त्या विद्यार्थ्याला परवान्याची अडचण येणार नाही. त्याने फक्त आपण थेरपिस्ट होणार नाही हे पहिल्या दिवसापासून जाणून असावे, आणि घरच्यांनीही.

थेरपिस्ट व्हायचे असेल तर विद्यापीठाच्या आधी नियामक संस्थेचे संकेतस्थळ उघडावे. एचसीपीसीची मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांची यादी, कॅपटेची यादी, ऑस्ट्रेलियाच्या बोर्डाची यादी, सगळ्या खुल्या आहेत. तिथे अभ्यासक्रमाचे नेमके नाव आणि कॅम्पस सापडायला हवे. मग विद्यापीठाला ई-मेल करून विचारावे: या पदवीवर मला नोंदणीचा अर्ज करता येतो का, येत नसेल तर पुढच्या व्यावसायिक अभ्यासक्रमात परदेशी विद्यार्थ्यांना प्रवेश आहे का, किती जागांवर, कोणत्या गुणांवर, प्लेसमेंट कोणत्या भाषेत आणि साधारण किती लांब, ती पुन्हा करावी लागल्यास खर्च किती. उत्तर एजंटकडून तोंडी नको, विद्यापीठाच्या पत्त्यावरून लेखी हवे, आणि डिपॉझिट भरण्याआधी.

परत येऊन काम करण्याचा विचार असेल तर चौकशी इथेही करावी लागेल. २०२१च्या राष्ट्रीय सहाय्यकारी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी आपल्या कक्षेत घेतली; स्पीच थेरपी, कृत्रिम अवयव, विशेष शिक्षण यांची नोंदणी १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेकडे आहे. २०२१ चा कायदा आरोग्यसेवा व्यावसायिकाची व्याख्या करताना तीन ते सहा वर्षांत विभागलेले किमान ३,६०० तासांचे शिक्षण धरतो. इंग्लंडची तीन वर्षांची पदवी आपल्या त्याहून लांब पदवीशेजारी ठेवली जाईल तेव्हा हे तासच मोजले जातील. म्हणून प्रत्येक सत्राचा अभ्यासक्रम, प्रत्येक विषयाचे तास, प्रत्येक प्लेसमेंटचा वॉर्ड, तारखा आणि पर्यवेक्षकाची सही असलेली नोंद विद्यार्थ्याने त्या त्या वेळी मागून घेऊन जपून ठेवावी. पर्यवेक्षक नोकरी बदलतात, विभाग विलीन होतात, आणि दहा वर्षांनी दुसऱ्या देशातून हे कागद मागवणे फार जड जाते.